नज्दमध्ये खरंच 'जाहिलिया' होती का? थोडी पार्श्वभूमी

वहाबी म्हणजे अठराव्या शतकात अरबस्तानात निघालेल्या, कबरींवरच्या नवसांना कडाडून विरोध करणाऱ्या चळवळीचे लोक, आणि सौदी राजघराणं सुरुवातीपासून त्यांचा पाठीराखा, एवढं पुरे, ते जास्त उगाळत नाही. खरं भांडण आहे ते त्याच्या आधीच्या काळावरून, चळवळीच्या मते तेव्हा तिथे 'जाहिलिया', म्हणजे अज्ञानाचा अंधार, होता. १७०० च्या आसपास अरबस्तानाच्या मधल्या भागात, म्हणजे नज्दमध्ये, लोक धर्म कसा पाळत होते?

चळवळीच्या बाजूने लिहिणाऱ्या, हसाकडच्या (अरबस्तानाचा पूर्वेकडचा भाग) एका इतिहासकाराने ग्रंथाची सुरुवातच या अधःपतनापासून केलीय. बायका खजुराच्या नर झाडाला मिठ्या मारून 'वर्ष सरायच्या आत नवरा मिळू दे' म्हणायच्या, जुबैला गावात यमामाच्या लढाईत पडलेल्या एका सहाबीच्या (पैगंबरांच्या सोबत्याच्या) कबरीवर घुमट होता, तिथे लोक मागणं मागायला जायचे. वाचताना आपल्याकडचे वडाचे दोरे आणि दर्ग्यावरच्या चादरी आठवतात, आणि खरं सांगायचं तर यात इतकं भयंकर काय होतं असंही वाटून जातं.

पण घोळ झाडाचा नाहीये, शब्दाचा आहे. जाहिलिया म्हणजे मुळात पैगंबरांच्या आधीचा काळ, अज्ञानाचा. नज्दमधल्या उयैना गावच्या काझी घराण्यात १७०३ मध्ये जन्मलेल्या मुहम्मद इब्न अब्दुल वहाबने, म्हणजे ही चळवळ सुरू करणाऱ्याने, तो शब्द उचलून आपल्याच काळातल्या, नमाज-रोजा करणाऱ्या माणसांना लावला. वर असंही म्हटलं की जुने मूर्तिपूजक परवडले, ते निदान संकटात तरी फक्त अल्लाहला हाक मारायचे, हे लोक सुखात आणि दुःखात दोन्हीकडे पिरांनाच हाक मारतात. आता हे नुसतं प्रवचन असतं तर कुणी फार मनावर घेतलं नसतं, पण समोरचा मुसलमानच नाही असं एकदा ठरलं की त्याच्यावरची स्वारी जिहाद होते आणि लूट हलाल होते, आणि नज्दमधली गावं तर आधीपासूनच एकमेकांवर चालून जात होतीच, फक्त तोवर त्याला कुणी जिहाद म्हणत नव्हतं.

यावर सगळ्यात झोंबणारी टीका केली ती त्याच्या सख्ख्या भावाने, तोही काझीच, नज्दमधल्याच हुरैमिला गावचा. त्याचं म्हणणं साधं होतं, कबरींवर नवस-सायास शेकडो वर्षं सगळ्या मुस्लिम मुलखात चाललेत, मोठमोठ्या इमामांनी ते चूक म्हटलं असेल पण म्हणून अख्ख्या मुलखाला काफिर कुणी ठरवलं? म्हणजे भाऊही या चालींना चांगलं म्हणत नव्हता, वाद होता तो शिक्षेचा.

दुसरी गोष्ट, नज्द म्हणजे काही अडाण्यांचं वाळवंट नव्हतं. उशैकिर गाव हंबली (सुन्नी धर्मशास्त्राच्या चार पंथांपैकी एक) विद्वानांसाठी प्रसिद्ध होतं, खुद्द चळवळ सुरू करणाऱ्याचे आजोबा आणि वडील काझी होते. वक्फ, वारसा, जमिनीचे तंटे यावर फतवे निघत होते. बदाऊ, म्हणजे वाळवंटात भटकणाऱ्या, टोळ्यांमध्ये धर्म पातळ होता हे मान्य, पण गावांचं चित्र वेगळं दिसतं. माझ्या मते चार-दोन ठिकाणच्या चाली खऱ्याच होत्या, त्या सगळ्या प्रदेशावर पसरवल्या गेल्या.

पुढचं भराभर. १७४४ च्या सुमारास इब्न अब्दुल वहाबचा दिरिया गावच्या अमिराशी, म्हणजे सौदी घराण्याच्या मूळपुरुषाशी, करार, १८०२ मध्ये त्यांच्या फौजेचा शियांच्या पवित्र करबलावर हल्ला, नंतर मक्का-मदिना ताब्यात, १८१८ मध्ये इजिप्तच्या फौजेने दिरिया उद्ध्वस्त केलं. सौदी पुढे परत सत्तेवर आले आणि १९२५-२६ मध्ये त्यांनी मदिनेच्या बकी कब्रस्तानातले घुमट पाडले तेव्हा हाच वाद आपल्याकडे आला, तुर्की खलिफाच्या बाजूने चळवळ केलेल्या, मुंबईत मुख्यालय असलेल्या खिलाफतवाल्यांत यावरून फूट पडली. महाराष्ट्रात सुन्नींच्या आपसातल्या भांडणात 'वहाबी' हा शब्द आजही शिवीसारखा फेकला जातो.

आणि गंमत म्हणजे जाहिलियाची गोष्ट आता सौदीलाच फारशी नको झालीय. वर्षानुवर्षं पहिल्या सौदी राज्याची सुरुवात त्या करारापासून मोजायचे. २०२२ मध्ये शाही हुकूम निघाला की राज्याची स्थापना १७२७ ची, म्हणजे अमीर दिरियाच्या गादीवर आला तेव्हाची. करार होण्याआधीची १७ वर्षं, जी जुन्या हिशेबाने अंधारातली होती, ती आता राज्याच्या इतिहासात जमा झालीत आणि २२ फेब्रुवारीला सुट्टी असते.