हिवाळा मागणारे मासे: उत्तर अमेरिकेतले किलीफिश घरच्या टाकीत

किलीफिश म्हटलं की आपल्याकडच्या मत्स्यपालनाच्या शौकिनांना आफ्रिकेतले मासे आठवतात. पावसाळी डबक्यात जन्मायचं, काही आठवड्यांत वाढायचं, चिखलात अंडी घालायची आणि डबकं आटलं की संपायचं, असं त्यांच्यातल्या अनेकांचं घाईचं आयुष्य. उत्तर अमेरिकेतले किलीफिश त्यांचे दूरचे नातलग असले तरी त्यांची घडण निराळी आहे. चांगलं सांभाळलं तर ते दोन-चार वर्षं जगतात, आणि त्यांची अंडी कोरड्या मातीत महिनोन् महिने जपून ठेवावी लागत नाहीत. त्यांना ऋतू मात्र लागतात. टाकीसोबत घेतलेला हीटर बारा महिने २६ अंश सेल्सिअसवर चालू ठेवला, तर मासा वरवर ठणठणीत दिसतो, पण त्याचं वर्षाचं चक्र तुटतं. अंडी कमी होतात आणि आयुष्यही घटतं. म्हणून या माशांबद्दल मला पहिली गोष्ट सांगायची आहे ती हीटर बंद करण्याची.

या गटातला सगळ्यात कणखर मासा म्हणजे ममीचॉग, शास्त्रीय नाव फुंडुलस हेटेरोक्लिटस. कॅनडातल्या सेंट लॉरेन्सच्या आखातापासून ईशान्य फ्लोरिडापर्यंत, अटलांटिकच्या काठावरच्या खाड्या आणि खाजणं हे त्याचं घर. न्यू जर्सीच्या किनाऱ्यावर गळाचं आमिष विकणाऱ्या दुकानांत तो ‘किली’ या नावाने जिवंत मिळतो. तिथे राहणाऱ्या मराठी कुटुंबांतल्या ज्या मुलांना मासे पाळायचे आहेत, त्यांनी दूरदेशीच्या रंगीत माशांआधी घराजवळच्या खाडीतला हा मासा पाहावा असं मला मनापासून वाटतं. शरीरशास्त्राच्या पुस्तकातली कितीतरी पानं त्याच्यावर उभी आहेत.

त्याची वीण अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाशी बांधलेली आहे. वसंतात आणि उन्हाळ्यात मोठ्या भरतीला पाणी खाजणातल्या स्पार्टिना गवतात वरपर्यंत चढतं. त्या पाण्यासोबत मासे आत शिरतात आणि गवताच्या बुडख्यात, पानांच्या खोबणीत किंवा रिकाम्या शिंपल्यांत अंडी घालतात. मग पाणी उतरतं. अंडी उघड्यावर राहतात, पण दमट सावलीत. तिथेच हवेत, पाण्याबाहेर, गर्भाची वाढ होते. साधारण दोन आठवड्यांत पिल्लू तयार होतं, पण ते लगेच बाहेर येत नाही. पुढच्या उधाणाचं पाणी अंड्यावर आलं की अंड्याभोवतीचा प्राणवायू कमी पडू लागतो, कारण हवेच्या मानाने पाण्यात तो फारच थोडा असतो. ही कमतरता हाच पिल्लाला मिळणारा इशारा. त्याच्या अंगातली खास विकरं सुटतात, अंड्याचं कवच आतून विरघळू लागतं आणि थोड्याच वेळात पिल्लू भरतीच्या पाण्यात पोहू लागतं. चंद्राचं गणित अंड्याला ठाऊक नसतं. ते फक्त प्राणवायू कमी-जास्त झालेला ओळखतं आणि तेवढ्यावर त्याची वेळ जुळते.

हे घरी पाहता येतं. अंडी ओल्या स्पंजवर किंवा दमट कागदावर पसरून झाकणाच्या डब्यात, २० अंशांच्या आसपास ठेवायची. काही दिवसांनी कवचातून डोळ्यांचे दोन काळे ठिपके दिसू लागतात. भिंगातून पाहिलं तर धडधडणारं हृदय आणि पिवळ्या बलकावरून वाहणारं रक्तही दिसतं. दोन आठवड्यांनी सगळी अंडी एकदम वाटीभर पाण्यात टाकली की पिल्लं जवळपास एकाच वेळी बाहेर पडतात. शाळेच्या वयाच्या मुलांना गर्भविज्ञान दाखवायला याहून चांगली सोय मला माहीत नाही.

खाडीत राहायचं म्हणजे पाण्याचा खारटपणा सतत बदलणार. पाऊस पडला की गोडं, ऊन तापलं की खाऱ्याहून खारं. ममीचॉग गोड्या पाण्यापासून समुद्राहून कितीतरी अधिक खाऱ्या पाण्यापर्यंत सगळं झेलतो. त्याच्या कल्ल्यांत आणि कल्ल्यांवरच्या झाकणाच्या आतल्या त्वचेत मीठ बाहेर फेकणाऱ्या खास पेशी असतात. पाणी बदललं की त्या आपलं कामकाज बदलतात: समुद्रात मीठ बाहेर टाकायचं, गोड्या पाण्यात ते जपायचं. या पेशींमधून क्लोराइड बाहेर सोडणारं प्रथिन माणसाच्या फुप्फुसातही असतं, आणि तेच बिघडलं की सिस्टिक फायब्रोसिस हा आजार होतो. त्यामुळे मेन राज्यातल्या माउंट डेझर्ट आयलंड जैविक प्रयोगशाळेसारख्या ठिकाणी या माशावर पिढ्यान् पिढ्या काम झालं आहे.

थंडीच्या बाबतीतही तसंच. मेनच्या गार पाण्यातल्या आणि जॉर्जियाच्या कोमट पाण्यातल्या ममीचॉगांत लॅक्टेट डिहायड्रोजनेज या विकराची वेगवेगळी रूपं जास्त प्रमाणात आढळतात. उत्तरेकडचं रूप थंडीत अधिक चांगलं काम करतं. म्हणजे एकाच जातीचे असूनही उत्तरेचा आणि दक्षिणेचा मासा तुमच्या टाकीत सारखा वागेलच असं नाही. मासा कुठून आणला याची चिठ्ठी टाकीवर लावून ठेवावी, ती याचसाठी. जाणकार पाळणारे दोन ठिकाणचे मासे एका टाकीत मिसळत नाहीत.

हा मासा अंतराळातही गेलेला आहे. 1973 मध्ये स्कायलॅब या अमेरिकी अंतराळस्थानकावर गेलेल्या दुसऱ्या तुकडीसोबत दोन ममीचॉग आणि काही अंडी पाठवली होती. वजनरहित अवस्थेत मासे सुरुवातीला गोल गोल गिरक्या घेत राहिले, मग हळूहळू उजेडाकडे पाठ करून नीट पोहायला शिकले. तिथे अंड्यांतून निघालेल्या पिल्लांनी गिरक्या घेतल्याच नाहीत. आणखी अलीकडचं म्हणजे 2016 मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात आलेलं काम. नेवर्क बे, न्यू बेडफर्ड बंदर, ब्रिजपोर्ट आणि व्हर्जिनियातली एलिझाबेथ नदी या चार अतिप्रदूषित जागांतले ममीचॉग इतर ममीचॉगांच्या मानाने 8000 पटींपर्यंत जास्त विष सहन करतात असं दिसलं. डायऑक्सिन आणि पीसीबीसारखी विषारी औद्योगिक द्रव्यं पेशीतल्या ज्या यंत्रणेमार्फत घात करतात, तीच त्यांच्यात बोथट झाली आहे. यावरून निसर्ग सगळं सावरून घेतो असा अर्थ काढणाऱ्यांशी मी सहमत नाही. या माशाची संख्या प्रचंड आणि जनुकीय विविधता अफाट, म्हणून त्याला काही दशकांत हे जमलं. बहुतेक प्राण्यांकडे असं भांडवल नसतं.

घरी ममीचॉग ठेवायचे तर किमान 75 लिटरची लांबट टाकी घ्यावी. पूर्ण वाढलेला मासा दहा सेंटिमीटरपर्यंत सहज जातो आणि लहान मासे गिळतो, म्हणून त्याला त्याच्याच जातीचे सोबती द्यावेत. नर एकमेकांना पिटाळतात. एका नरामागे दोन-तीन माद्या ठेवल्या की ताण वाटला जातो. पाण्यात थोडं सागरी मीठ असलेलं बरं. खाण्याच्या बाबतीत तक्रार नाही: कोरडे दाणे, गोठवलेल्या अळ्या, कोळंबीचे तुकडे, शेवाळ, सगळं चालतं. टाकीतलं पाणी आधी नीट मुरलेलं हवं, म्हणजे माशांच्या मलमूत्रातला अमोनिया पचवणारे जिवाणू फिल्टरमध्ये वसलेले हवेत. कणखर मासा आहे म्हणून नव्या टाकीत थेट सोडायचा, हे मला पटत नाही. सहन करणं म्हणजे सुखात असणं नव्हे.

जागा कमी असेल तर फ्लोरिडाचा निळ्या परांचा किली, ल्युकेनिया गुडेई, हा माझ्या मते या सगळ्यांत लोभस मासा. चार-पाच सेंटिमीटर लांबी, अंगावर एक काळी पट्टी, आणि नराच्या पाठीच्या व पोटाखालच्या परांवर रंग. गंमत अशी की हा रंग सगळीकडे एक नसतो. काचेसारख्या नितळ झऱ्यांत लाल आणि पिवळ्या परांचे नर जास्त, तर पालापाचोळा कुजून चहाच्या रंगाच्या झालेल्या दलदलीत निळे जास्त. संशोधक रिबेका फुलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी चहा मिसळून रंगवलेल्या पाण्यात पिल्लं वाढवून पाहिली. त्यातून दिसलं की पराच्या रंगात बापाकडून आलेल्या वारशाचा वाटा आहे आणि ज्या पाण्यात मासा वाढला त्याचाही. अशा चहाच्या रंगाच्या पाण्यात अतिनील आणि निळा उजेड कमी पोचतो, तिथे निळा पर उठून दिसतो, असा यामागचा विचार आहे.

या माशासाठी 40 लिटरची टाकी, स्पंज फिल्टर, मधोमध मोकळी जागा आणि कडेने दाट पाणवनस्पती पुरतात. अंड्यांसाठी पाळणारे लोकरीचा गोंडा वापरतात. गडद हिरव्या कृत्रिम लोकरीचे वीतभर लांबीचे धागे एकत्र बांधायचे, उकळत्या पाण्यातून काढून रंग सुटत नाही ना ते पाहायचं आणि बुचाला अडकवून टाकीत तरंगत सोडायचा. मादी एकाच वेळी ढीगभर अंडी घालत नाही. रोज थोडी थोडी घालते. दर दोन-तीन दिवसांनी गोंडा बाहेर काढून पिळायचा, धागे बोटांनी विलग करायचे, की जेमतेम मिलिमीटरभराचे पारदर्शक मणी सापडतात. प्रत्येक अंड्याला बारीक चिकट तंतू असतात, ते लोकरीत गुंतलेले असतात. अंडं चिमटीत धरून ओढलं तरी फुटत नाही, इतकं कवच टणक. जे चिमटीत दबतं किंवा पांढरं पडलेलं असतं ते मेलेलं. ते काढून टाकायचं, नाहीतर त्याच्यावरची बुरशी शेजारच्या अंड्यांवर चढते. पिल्लं साधारण दहा-बारा दिवसांनी निघतात आणि पहिले काही दिवस त्यांना पाण्यातले सूक्ष्मजीव, मग आर्टेमिया या खाऱ्या पाण्यातल्या इवल्या कोळंबीसारख्या जीवाची ताजी पिल्लं द्यावी लागतात.

आता हिवाळा. निळ्या परांच्या किलीला 16 ते 18 अंश पुरतं, ममीचॉगसारख्या उत्तरेकडच्या माशांना त्याहून गार चालतं. न तापवलेली खोली किंवा तळघर या कामाला उत्तम. दोन-तीन महिने दिव्याची वेळ नऊ-दहा तासांवर आणायची, खाणं कमी करायचं. मासे मंदावतात, रंग फिके पडतात, पाहणाऱ्याला ते आजारी वाटतात. नंतर दिवस लांबवत, पाणी हळूहळू कोमट होऊ देत जिवंत खाणं सुरू केलं की नर रंग धरतात आणि काही दिवसांत गोंड्यात अंडी दिसू लागतात.

बाकीच्यांबद्दल थोडक्यात. जॉर्जिया-फ्लोरिडाच्या दलदलीतला बुटका किली, लेप्टोल्युकेनिया ओमाटा, तीन सेंटिमीटरचाही नसतो. त्याला वेगळी लहान टाकी, मऊ पाणी आणि बारीक जिवंत खाणं हवं. फ्लोरिडाचा फ्लॅगफिश आपल्याकडेही काहींना माहीत आहे, कारण तो टाकीतलं दोऱ्यासारखं शेवाळ खातो. नर अंड्यांची राखण करतो आणि तेव्हा कुणालाही जवळ येऊ देत नाही. आणि झाकण सगळ्यांनाच हवं. 1970 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात दिसलं, की तारकांकित टॉपमिनो हा किली संकटात पाण्याबाहेर जमिनीवर उडी मारतो आणि सूर्याच्या दिशेवरून अंदाज घेत उड्या मारत पुन्हा पाण्यात येतो. खोलीतल्या फरशीवर त्याला सूर्यही नाही आणि तळंही नाही.

अमेरिकेतल्या ओढ्यातून मासे स्वतः पकडायचे असतील तर त्या राज्याचे नियम आधी वाचावेत. परवाना, जाळ्याचा प्रकार, किती मासे न्यायचे, सगळं राज्यागणिक बदलतं. काही जातींना हात लावायचाच नाही. नेवाडातल्या डेव्हिल्स होलचा पपफिश एकाच कपारीतल्या 33 अंशांच्या पाण्यात राहतो आणि 2013 मध्ये त्याची संख्या 35 वर आली होती. त्याच्या पाण्याची पातळी टिकावी म्हणून अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने 1976 मध्ये भूजल उपशावर बंधन कायम केलं. टेनेसीतल्या बॅरन्स टॉपमिनोला 2019 मध्ये संकटग्रस्त जाहीर केलं गेलं. त्याच्या झऱ्यांत शिरलेला गॅम्बुशिया हा परका मासा त्याचा मोठा शत्रू, तो पिल्लं खातो. हाच गॅम्बुशिया डासांच्या अळ्या खाण्यासाठी भारतातही आणून सोडलेला आहे. आपल्या ओढ्या-विहिरींत डोक्यावर चकाकता ठिपका असलेला, पृष्ठभागालगत फिरणारा पॅनचॅक्स हा किली मुळातच असताना हे झालं. पॅनचॅक्सही डासांच्या अळ्या खातो, आणि महाराष्ट्रात किली पाळायची हौस असेल तर पहिला विचार त्याचाच व्हावा.

वाढलेली पिल्लं कुठल्याही पाण्यात सोडू नयेत, ज्या ओढ्यातून आईबाप आणले त्यातही नाही. टाकीतले रोग त्यांच्यासोबत जातात. अमेरिकेत यासाठी सोय आहे. 1961 पासूनची अमेरिकन किलीफिश असोसिएशन आणि 1972 पासूनची नॉर्थ अमेरिकन नेटिव्ह फिशेस असोसिएशन यांचे सभासद आपसांत मासे आणि अंडी देतात-घेतात. अंडी दमट शेवाळात गुंडाळून, छोट्या पिशवीत घालून, त्यावर जात, ठिकाण आणि अंडी घातल्याची तारीख लिहून टपालाने पाठवली जातात, आणि बहुतेक वेळा ती वाटेत फुटण्याआधी पोचतात.