हाँग–ओऊ–मँडेल व्यतिकरण

निम्मा प्रकाश आरपार सोडणाऱ्या आणि निम्मा परावर्तित करणाऱ्या किरणविभाजकावर दोन बाजूंनी दोन हुबेहूब फोटॉन एकाच क्षणी आले, तर ते नेहमी जोडीने एकाच वाटेने बाहेर पडतात. दोघेही आरपार गेले किंवा दोघेही परावर्तित झाले तर त्यांच्या वाटा वेगळ्या होतील. परंतु या दोन शक्यतांचे परमप्रसर (ज्यांवरून घटनेची संभाव्यता निघते त्या संख्या) विरुद्ध चिन्हांचे असल्याने एकमेकांना खोडतात. सी. के. हाँग, झेड. वाय. ओऊ आणि लेनर्ड मँडेल यांनी रॉचेस्टर विद्यापीठात केलेला हा प्रयोग १९८७ साली प्रसिद्ध झाला. पिकोसेकंदाहून (सेकंदाच्या एक लाख कोटीव्या भागाहून) लहान कालांतर मोजणे हा त्यांचा विषय होता. आज मात्र फोटॉन किती सारखे आहेत हे तपासण्यासाठीच तो बहुधा केला जातो.

विद्यापीठीय प्रयोगशाळेत सहसा ४०५ नॅनोमीटरचा डायोड लेसर बीबीओ (बेरियम बोरेट) स्फटिकावर टाकून ८१० नॅनोमीटरच्या फोटॉनजोड्या मिळवतात. त्या दोन फायबरमधून किरणविभाजकाकडे जातात. एका वाटेची लांबी सूक्ष्ममापी सरकपट्टीने बदलत दोन्ही डिटेक्टरांच्या एकसमयी नोंदी, म्हणजे ‘कोइन्सिडन्स’, मोजतात. वाटा समान झाल्या की फोटॉन एकाच बाजूला जातात, एकसमयी नोंदी घटतात आणि आलेखात खाच पडते.

खरा वेळ जातो तो ही खाच शोधण्यात. तिची रुंदी फिल्टर तरंगलांबीचा किती रुंद पट्टा आत सोडतो यावर ठरते: १० नॅनोमीटरच्या फिल्टरला सुसंगती-लांबी (वाटांतील ज्या फरकापर्यंत व्यतिकरण टिकते ती) सुमारे ६५ मायक्रोमीटर, ३ नॅनोमीटरच्या फिल्टरला सुमारे ०.२ मिलिमीटर. फायबर १ सेंटिमीटरने जास्त असले तर हवेतल्या सुमारे १.४५ सेंटिमीटरचा फरक पडतो आणि खाच सरकपट्टीच्या पल्ल्याबाहेर जाऊ शकते. डिटेक्टरची कालविभेदनक्षमता शेकडो पिकोसेकंदांची, म्हणजे काही सेंटिमीटरांची. तिचा इथे फारसा उपयोग नाही. म्हणून आधी मोजपट्टीने वाटा जुळवाव्यात, अरुंद फिल्टर लावावा आणि २५ मायक्रोमीटरच्या टप्प्यांनी शोधावे. २५ मिलिमीटरचा पल्ला, प्रत्येक ठिकाणी २ सेकंद, म्हणजे साधारण अर्धा तास. सरकपट्टीवर प्रकाश परत फिरवणारा प्रिझम असेल तर वाट दुप्पट बदलते. हे विसरल्याने रुंदीची गणिते हमखास चुकतात.

खाच उथळ आली तर किरणविभाजकाला लगेच दोष देऊ नये. ५५:४५ विभाजनातही दृश्यता (खाचेची सापेक्ष खोली) ९८ टक्क्यांपर्यंत जाऊ शकते. पहिला संशय ध्रुवणावर, म्हणजे प्रकाशाच्या कंपनदिशेवर, घ्यावा, कारण वळलेले फायबर ते फिरवते. दुसरा संशय दोन वाटांतील फिल्टरांवर. तिरका बसलेला फिल्टर कमी तरंगलांबीकडे सरकतो. अपघाती नोंदीही वजा कराव्यात: दोन्ही डिटेक्टरांवर सेकंदाला ५०,००० नोंदी आणि एकसमयी मानण्याची ५ नॅनोसेकंदांची खिडकी असेल, तर सेकंदाला १२.५ जोड्या निव्वळ योगायोगाच्या असतात. अभिजात प्रकाशलहरींची दृश्यता ५० टक्क्यांवर जात नाही, तेव्हा त्याखालच्या खाचेवरून पुंज परिणामाचा दावा करता येत नाही.

डिटेक्टर चालू करण्यापूर्वी खोलीतले दिवे घालवावेत. उघड्या प्रकाशात डिटेक्टरातला हिमस्खलन-डायोड (एकेक फोटॉन टिपणारा संवेदक) निकामी होऊ शकतो.