पाणकावळा की तिरंदाज?

जायकवाडी धरणाच्या नाथसागराच्या काठाला, पाण्यात उभ्या वाळक्या बाभळीवर पंख पसरून बसलेला काळा पक्षी दिसला की आपल्याकडं सगळे म्हणतात, पाणकावळा. बहुतेक वेळा ते खरंही असतं. पण मधूनच त्यातला एखादा तिरंदाज निघतो, आणि त्याचं कूळ वेगळं.

चोच बघा, निम्मा घोळ तिथंच मिटतो. पाणकावळ्याची चोच टोकाला आकड्यासारखी वळलेली असते. तो माशाचा पाठलाग करतो आणि चोचीत पकडतो. तिरंदाजाची चोच दाभणासारखी सरळ. त्याच्या मानेच्या आठव्या-नवव्या मणक्यापाशी खटका असल्यागत वाक असतो. मान झटक्यात सुटते आणि मासा भोसकला जातो. मग वर येऊन तो मासा हवेत उडवायचा आणि डोक्याकडून गिळायचा. नाव उगाच पडलेलं नाही! पोहताना अंग पाण्याखाली, वर नुसती मान, म्हणून त्याला सर्पपक्षीही म्हणतात.

पंख दोघंही वाळवतात. पाणकावळ्याची पिसं वरवर भिजतात, आतला थर कोरडा राहतो; तिरंदाज मात्र पार कातडीपर्यंत ओला होतो. पिसांत हवा कमी राहिली की बुडी मारणं सोपं जातं.

पाणकावळे भारतात तीन: लहान, भारतीय आणि मोठा. जगभरात चाळीसच्या आसपास. इंग्रजीत त्यांतल्या काहींना कॉर्मोरंट, काहींना शॅग म्हणतात. शॅग हे नाव मुळात तुऱ्यावरून आलं, पण शास्त्रात दोघांमध्ये पक्की रेघ नाही. मराठीनं त्या भानगडीत न पडता एकच नाव ठेवलं, बरं केलं.

आपल्याकडच्या तिघांना सध्या धोका नाही. बाहेर चित्र वेगळं आहे. बेरिंग बेटावरचा चष्मेवाला पाणकावळा 1850च्या सुमारास शिकारीपायी संपला. दक्षिण आफ्रिकेच्या किनाऱ्यावरचा केप पाणकावळा मासे घटल्यानं संकटग्रस्त झालाय. आपला तिरंदाजही बरीच वर्षं संकटसमीप यादीत होता.

जायकवाडीला 1986 साली पक्षी अभयारण्य जाहीर झालं, त्याचा फायदा दोघांनाही. बगळ्यांच्या सोबतीनं ते एकाच झाडावर वीण घालतात, त्यामुळं एक झाड तुटलं तर दोघांचीही घरं जातात. असं झाड दिसलं तर लांबूनच दुर्बीण लावा. पांढऱ्या लवेची पिल्लं तिरंदाजाची. पाणकावळ्याची अंड्यातून उघडी, काळी निघतात.