सामायिक उत्सव (गोवा)

हिंदू आणि ख्रिस्ती गावकरी जे जागर, जत्रा आणि फेस्ते (चर्चचे सण) मिळून पार पाडतात, त्यांना गोव्याचे सामायिक उत्सव म्हणता येईल. एकाने आमंत्रण द्यायचे आणि दुसऱ्याने पाहुणा म्हणून हजेरी लावायची, एवढ्यावर हे भागत नाही. दोघांचेही मान पिढ्यान्‌पिढ्या ठरलेले असतात, आणि मान म्हणजे काम. या उत्सवांचा खरा प्राण तोच आहे.

बार्देशातील शिवोलीचा जागर नाताळानंतरच्या पहिल्या सोमवारी रात्री होतो. जागऱ्यो हा गावाचा राखणदार. तो गावाचे बांध सांभाळतो, अशी श्रद्धा आहे. खाजन म्हणजे खाडीकाठच्या बांधबंदिस्त शेतीच्या मुलखात बांध फुटला की खारे पाणी शेतात शिरते, आणि शेताचा धनी देवळात जातो की इगर्जीत, हे ते पाणी विचारत नाही. बांध सगळ्यांचा म्हणून राखणदारही सगळ्यांचा, हा या जागराचा अर्थ मला सर्वांत पटतो. जागऱ्योला हिंदू तेल वाहतात, ख्रिस्ती मेणवाती लावतात, आणि घुमट या मातीच्या वाद्याच्या साथीने रात्र जागवली जाते. जागरातील गाणी आणि सोंगे कोणी वर्गात बसून शिकवत नाही. मूल आधी आजोबांच्या मांडीवर पेंगत ऐकते, मग कोरसात सूर मिळवते आणि कधीतरी घराण्याचे सोंग त्याच्या अंगावर येते.

म्हापशाची मिलाग्रीस सायबीण, म्हणजे तिथल्या चर्चमधली मेरी माता, ही शिरगावच्या लईराई देवीची बहीण, असे लोक मानतात. सात देवी-बहिणींच्या लोककथेतील मीराबाई ती हीच. ईस्टरनंतर सुमारे दोन आठवड्यांनी सोमवारी तिचे फेस्त भरते. त्या दिवशी तेल घेऊन रांगेत उभ्या असलेल्या हिंदू बायका म्हापशात कोणालाच नवलाच्या वाटत नाहीत. बहिणीकडे जायला कारण कशाला लागते?

कुंकळीची गोष्ट अधिक जड आहे. सोळाव्या शतकात पोर्तुगिजांनी देवळे पाडली तेव्हा शांतादुर्गा कुंकळ्ळीकरीण फातर्प्याला हलवली गेली. १५८३ साली गावाने धर्मांतराविरुद्ध उठाव केला आणि त्याची जबर किंमत मोजली. आजही शिगम्यात, म्हणजे होळीच्या सणात, देवी मिरवणुकीने आपल्या मूळ गावी येते. पुढे बारा छत्र्या असतात, बारा वांगडांच्या, म्हणजे गावच्या मूळ घराण्यांच्या. गुलालात न्हालेल्या त्या गर्दीत ज्यांचे पूर्वज ख्रिस्ती झाले ते गावकरीही असतात. एवढा घाव सोसूनही गावाने आपल्या माणसांची गणती बदलली नाही.

देवळांच्या उत्सवात गावकऱ्यांनीच मराठी नाटक बसवायची रीत आजही टिकून आहे. दिवसभर दुकान किंवा शेत सांभाळून माणसे रात्री तालमीला येतात, आणि साठी उलटलेला नटही नव्याने पाठांतर करतो.

ऐकत शिकण्याच्या याच सवयीला पणजीत वेगळे व्यासपीठ मिळाले. २००८ पासून गोवा सरकारचे कला आणि संस्कृती खाते डी. डी. कोसंबी विचार महोत्सव भरवते. व्याख्याने सर्वांना खुली असतात. १९०७ मध्ये गोव्यात जन्मलेले कोसंबी गणिती होते, पण लोकदैवते आणि जत्रा समजून घेण्यासाठी ते गावोगाव पायी हिंडले. गोव्याच्या जुन्या काबिजादीतील (पोर्तुगिजांनी आधी जिंकलेल्या मुलखातील) गावकरी पद्धतीवर, म्हणजे मूळ घराण्यांनी गावची जमीन सामाईक सांभाळण्याच्या रीतीवर, त्यांचा स्वतंत्र लेख आहे. कुंकळीच्या बारा छत्र्या त्याच पद्धतीतून आलेल्या आहेत.