टर्बो गाडीत बूस्ट प्रेशर वरखाली होणं

टर्बो इंजिनात जी हवा दाबून भरतो तिच्या वाढीव दाबाला बूस्ट म्हणतात, आणि इसीयूने (इंजिन चालवणाऱ्या कॉम्प्युटरने) मागितलं तेवढं बूस्ट न मिळता ते कधी कमी, कधी जास्त, कधी सेकंदासेकंदाला वरखाली व्हायला लागलं की बूस्ट अस्थिर झालं म्हणायचं. चालवणाऱ्याला आकडे दिसत नाहीत, त्याला एवढंच कळतं की पिकअप मधेच येतो मधेच जातो, तिसऱ्या गिअरला गाडी झटके मारते, ओव्हरटेकला पाय दाबला की मागे काळा धूर आणि पुढून शिट्टीसारखा आवाज. नाहीतर चेक इंजिनचा दिवा लागतो आणि गाडी लिंप मोडला जाते, म्हणजे इसीयू स्वतःच ताकद कमी करून टाकतो, मग चावी बंद करून परत चालू केली की थोडा वेळ सगळं छान.

यावर गॅरेजमध्ये पहिलं वाक्य ऐकू येतं ते "टर्बो गेला, बदलावा लागेल". टर्बो हा या सगळ्यातला महागडा भाग आहे आणि बरेचदा बिचाऱ्याची काही चूक नसते, म्हणून त्याच्याकडे सगळ्यात शेवटी जायचं.

टर्बोचं काम तसं सरळ आहे. एक्झॉस्टच्या गॅसवर टर्बाइन फिरतं, त्याच शाफ्टच्या दुसऱ्या टोकाला कंप्रेसर असतो तो हवा ओढून दाबतो, ती इंटरकूलरमध्ये गार होऊन मॅनिफोल्डला, म्हणजे इंजिनात हवा वाटणाऱ्या पाइपांना जाते. स्विस इंजिनियर आल्फ्रेड ब्युखीने याचं पेटंट १९०५ मध्ये घेतलं. भानगड असते ती दाब आवरण्यात. साध्या टर्बोत वेस्टगेट नावाची झडप जादा गॅस टर्बाइनला वळसा घालून बाहेरून काढून देते, व्हीजीटी टर्बोत टर्बाइनभोवतीच्या पात्या उघडझाप करून तेच काम करतात. रांजणगावच्या फियाटच्या कारखान्यात बनलेलं १.३ मल्टिजेट दोन्ही प्रकारात रस्त्यावर आहे, ७५ पीएसवाल्याला साधा टर्बो आणि ९० पीएसवाल्याला व्हीजीटी, त्यामुळे एकाच इंजिनाची तक्रार असली तरी आधी आपल्याकडे कुठला टर्बो आहे ते बघायचं.

पुण्यात व्हीजीटी गाड्यांना हा त्रास का होतो ते समजण्यासारखं आहे. आठवडाभर गाडी कर्वे रोड नाहीतर हिंजवडीच्या ट्रॅफिकमध्ये पहिल्या-दुसऱ्या गिअरला रांगते, एक्झॉस्ट नीट तापत नाही, काजळी पात्यांच्या रिंगवर बसत जाते आणि शनिवारी साताऱ्याकडे निघालं की खंबाटकीच्या चढात पहिल्यांदा पूर्ण बूस्ट मागितलं जातं तेव्हा पात्या अडकतात. लोकांना वाटतं घाटामुळे बिघडली, पण बिघाड गावातच झालेला असतो.

तपासायची सुरुवात स्कॅनरने, म्हणजे इसीयूतले बिघाडाचे कोड आणि आकडे वाचणाऱ्या यंत्राने. पी ०२९९ म्हणजे बूस्ट कमी, पी ०२३४ म्हणजे बूस्ट जास्त, पण कोड फक्त दिशा दाखवतो, दोषी पार्टचं नाव सांगत नाही. खरी माहिती मिळते ती मागितलेलं बूस्ट आणि मिळालेलं बूस्ट या दोन रेषा शेजारी ठेवल्यावर. शेजारी दुसऱ्या कुणाला बसवून, रस्ता मोकळा असताना, नवले पुलाकडून कात्रजच्या नव्या बोगद्याकडे जाणाऱ्या चढावर तिसऱ्या गिअरला १५०० आरपीएमपासून पाय दाबून लॉग (स्कॅनरवरच्या आकड्यांची नोंद) घ्यायचा. मिळालेली रेषा सगळीकडेच खाली राहिली तर हवा कुठेतरी गळतेय, नाहीतर वेस्टगेट उघडंच राहतंय किंवा टर्बोच्या झडपा-पात्या हलवणारा व्हॅक्यूम (हवा ओढून केलेली पोकळी) पोचत नाही. उशिरा चढून मग मागणीच्या वर उसळी मारून एकदम कापली गेली तर व्हीजीटीच्या पात्या अडकून सुटतायत असा संशय घ्यायचा. करवतीसारखी दातेरी रेषा आली तर कंट्रोल सोलेनॉइड (हा व्हॅक्यूम आवरणारी विजेवरची झडप), अशक्त व्हॅक्यूम किंवा सेन्सरचा ढिला कनेक्टर.

लॉग वाचायच्या आधी मॅप सेन्सर (मॅनिफोल्डमधला दाब मोजणारा) खरं बोलतोय का हे बघावं लागतं आणि इथे पुण्यात हमखास घोटाळा होतो. इंजिन बंद, चावी ऑन, अशा वेळी या सेन्सरने बाहेरच्या हवेचा दाब दाखवायला हवा. इंटरनेटवर सगळीकडे लिहिलेलं असतं १०१ किलोपास्कल, आणि पुणे समुद्रसपाटीपासून साधारण ५६० मीटर उंच असल्याने इथे आकडा येतो ९४-९५ च्या आसपास, मग चांगला सेन्सर खराब ठरवून बदलला जातो. मोबाईलच्या हवामान ॲपशी ताडून बघणाऱ्यांची अजूनच फसगत होते कारण तिथला दाब समुद्रसपाटीला बदलून दाखवलेला असतो. महाबळेश्वरला हाच सेन्सर ८६ च्या जवळपास दाखवेल आणि तेही बरोबरच. सेन्सरच्या तोंडावर तेलकट काजळी बसली असेल तर तो सुस्त होतो, क्लीनर स्प्रेने धुवायचा, टाचणीने कोरायचा नाही.

मग होज. इंटरकूलरच्या रबरी होजला चीर असली तरी आयडलला काहीच कळत नाही, दाब आला की ती ओठासारखी उघडते आणि दाब गेला की मिटते. म्हणून वरवर बघून होज ओके म्हणू नये, हाताने वाकवून, पिळून खालची बाजू बघायची, तीच नजरेआड असते. ब्रीदरमधून (इंजिनातली वाफ बाहेर काढणाऱ्या नळीतून) आलेल्या तेलाची वाफ हवेबरोबर फिरत असते, त्यामुळे जिथून गळती आहे तिथे काळपट ओला डाग आणि त्यावर चिकटलेली धूळ सापडतेच. क्लॅम्पच्या कडेला असा डाग असेल तर होज चांगला आहे, क्लॅम्प सैल आहे. इतकं करून सापडलं नाही तर स्मोक टेस्ट, म्हणजे पाइपांत धूर भरून तो कुठून निघतो ते बघायचं.

व्हॅक्यूमच्या बारीक नळ्या म्हणजे सोसायटीच्या पार्किंगमधल्या उंदरांचा आवडता खाऊ (गणपतीचं वाहन आपल्या वाहनावर का उठलंय कोण जाणे). बऱ्याच व्हॅक्यूमवाल्या व्हीजीटी गाड्यांत इंजिन चालू केल्यावर ॲक्चुएटरचा (व्हॅक्यूमवर पात्या हलवणाऱ्या डबीचा) रॉड आत ओढला जातो आणि बंद केल्यावर सुटतो. हा प्रवास अडखळत झाला किंवा हातपंपाने दिलेला व्हॅक्यूम टिकलाच नाही तर अर्धा तपास तिथेच संपला. रॉडजवळचा स्टॉप स्क्रू मात्र फिरवू नये. तो टर्बो बनवताना मापाने लावलेला असतो, अंदाजाने फिरवून बूस्ट "सेट" करून देणाऱ्या उस्तादांपासून लांब राहिलेलं बरं.

ईजीआर (एक्झॉस्टचा थोडा गॅस परत इंजिनात सोडणारी झडप) उघडा अडकला की टर्बाइनला गॅस कमी पडतो, एअर फिल्टर तुंबला की वरच्या आरपीएमला बूस्ट बसतं. एप्रिल २०२० पासूनच्या बीएस ६ डिझेलमध्ये डीपीएफ (एक्झॉस्टमधली काजळी अडवणारी गाळणी) भरला की मागचा दाब वाढून टर्बोचं गणितच बिघडतं. पेट्रोल टर्बोत डायव्हर्टर व्हॉल्व्हचा (पाय उचलल्यावर जादा दाब सोडणाऱ्या झडपेचा) फाटलेला पडदा आणि सैल झालेला वेस्टगेट बघायचा. रिमॅप केलेली, म्हणजे इसीयूतला प्रोग्राम बदललेली गाडी असेल तर आधी मूळ प्रोग्राम परत टाकायचा, मगच बाकीचं.

एवढं सगळं निर्दोष निघालं तरच टर्बो खोलायचा. कंप्रेसरच्या तोंडाचा पाइप काढून, इंजिन बंद आणि गार असताना शाफ्ट बोटाने हलवून बघायचा. बाजूला किंचित हलतो ते चालतं, बेअरिंग तेलावर तरंगतं म्हणून तेवढी ढील ठेवलेलीच असते, पण पुढेमागे खेळ जाणवला किंवा पात्या घासल्याच्या चमकदार खुणा दिसल्या तर टर्बो खरंच गेलाय. नाना पेठेत पार्ट घ्यायला जाताना टर्बोच्या प्लेटवरचा नंबर लिहून न्यावा, गाडीचं नाव पुरत नाही, आणि ऑइल फीडचा पाइप नवाच टाकावा, कारण जुना टर्बो त्या पाइपातल्या कार्बनमुळे तेल न मिळून गेला असेल तर नवा टर्बोही त्याच वाटेने जाईल.