अमेरिकेतील राज्य सर्वोच्च न्यायालये : न्यायमूर्तींची निवड आणि कार्यकाळ

अमेरिकेच्या पन्नासही राज्यांना स्वतःचे संविधान आणि स्वतःचे शिखर न्यायालय आहे. त्या न्यायालयावर न्यायमूर्ती कसे आणायचे, आणि मुदत संपली की त्यांना ठेवायचे की घरी पाठवायचे, याची रीत राज्याराज्यांत वेगळी आहे. मराठी वाचकाचा इथे पहिल्याच पायरीवर गोंधळ होऊ शकतो. आपल्याकडे सर्वोच्च न्यायालय एकच. राज्यांसाठी उच्च न्यायालये असतात, त्यांवरच्या नेमणुका कॉलेजियमच्या शिफारशीने होतात आणि न्यायमूर्ती कायम झाले की वयाच्या ६२ व्या वर्षापर्यंत पद शाबूत राहते. अमेरिकेत मात्र राज्याच्या कायद्याचा अंतिम अर्थ राज्याचेच शिखर न्यायालय लावते. संघराज्याच्या संविधानाचा किंवा कायद्याचा प्रश्न असेल तरच वॉशिंग्टनचे सर्वोच्च न्यायालय त्यात लक्ष घालते. देशातले नव्वद टक्क्यांहून अधिक खटले राज्यांच्या न्यायालयांतच चालतात. घटस्फोट, जमिनीचे वाद, खुनाचे खटले, मतदारसंघांच्या सीमा हे सगळे तिथेच येते, म्हणून तिथे कोण बसते याला महत्त्व आहे.

नावांचाही घोळ आहे. न्यूयॉर्कमध्ये ‘सुप्रीम कोर्ट’ हे खालच्या पायरीचे न्यायालय असून शिखर न्यायालयाला ‘कोर्ट ऑफ अपील्स’ म्हणतात. टेक्सास आणि ओक्लाहोमा यांनी दिवाणी आणि फौजदारी अशी दोन शिखर न्यायालये ठेवली आहेत.

सुरुवातीच्या तेरा राज्यांत न्यायाधीश नेमण्याचे काम गव्हर्नर (राज्याचा कार्यकारी प्रमुख) किंवा विधिमंडळ करत असे. सामान्य माणसाच्या हाती सत्ता हवी, ही राष्ट्राध्यक्ष अँड्र्यू जॅक्सन यांच्या काळातली लाट न्यायालयांपर्यंतही पोहोचली. १८३२ मध्ये मिसिसिपीने सगळेच न्यायाधीश मतदानाने निवडायचे ठरवले, १८४६ मध्ये न्यूयॉर्कने तोच मार्ग धरला आणि मग राज्यांची रांग लागली. न्यायाधीशांना पुढाऱ्यांच्या मुठीतून सोडवावे, हा त्यामागचा प्रामाणिक हेतू होता. पण उमेदवारी पक्षाकडून येऊ लागली आणि पक्ष चालवणाऱ्या स्थानिक म्होरक्यांकडे न्यायाधीशांच्या नाड्या गेल्या.

याचा सर्वांत ठळक अनुभव मिसूरी राज्याने घेतला. कॅन्सस सिटीत टॉम पेंडरगास्ट यांची पक्षयंत्रणा इतकी मजबूत होती की त्यांच्या मर्जीशिवाय न्यायाधीश होणे अवघड. १९३९ मध्ये प्राप्तिकर चुकवल्याबद्दल ते तुरुंगात गेले. पुढच्याच वर्षी, नोव्हेंबर १९४० मध्ये, वकील आणि नागरिकांच्या गटांनी पुढे आणलेली घटनादुरुस्ती मतदारांनी मंजूर केली. विधिमंडळाने ती रद्द करण्याचा प्रस्ताव १९४२ मध्ये पुन्हा मतदारांपुढे नेला. मतदारांनी तो फेटाळला. ही टिकून राहिलेली घटनादुरुस्ती म्हणजेच ‘मिसूरी योजना’.

तिची रचना अशी. जागा रिकामी झाली की सात जणांचा आयोग अर्ज मागवून मुलाखती घेतो. आयोगात सर्वोच्च न्यायालयाचे एक न्यायमूर्ती, वकिलांनी निवडलेले तीन वकील आणि गव्हर्नरने नेमलेले तीन सामान्य नागरिक असतात. आयोग तीन नावे पाठवतो आणि गव्हर्नरला त्यांतलेच एक निवडावे लागते. साठ दिवसांत त्याने निवड केली नाही, तर आयोगच नेमणूक करतो. नवे न्यायमूर्ती किमान वर्षभर काम करतात आणि नंतरच्या सार्वत्रिक निवडणुकीत लोकांचा कौल घेतला जातो. त्यालाच ‘रिटेन्शन इलेक्शन’ म्हणतात. समोर दुसरा उमेदवार नसतो की नावापुढे पक्ष नसतो. अध्यक्ष, सिनेटर, गव्हर्नर यांच्या रकान्यांनंतर लांबलचक मतपत्रिकेच्या तळाशी एवढेच विचारलेले असते : अमुक न्यायमूर्तींना पदावर कायम ठेवावे का? उत्तर ‘हो’ किंवा ‘नाही’. ‘हो’ जास्त भरले तर १२ वर्षांची मुदत मिळते आणि सत्तराव्या वर्षी निवृत्ती. बरेच मतदार तिथपर्यंत पोहोचेतो कंटाळतात आणि तो रकाना कोराच सोडतात. अशा कौलाची कल्पना कॅलिफोर्नियाने १९३४ मध्येच स्वीकारली होती. मिसूरीने तिला निवड आयोगाची जोड दिली. पुढे आयोवा, कॉलोराडो, कॅन्सस अशा अनेक राज्यांनी ही पद्धत थोड्याफार फरकाने उचलली.

न्यायमूर्ती पदावर कसे येतात यावर अमेरिकेत रकानेच्या रकाने लिहिले जातात. प्रस्तुत लेखकाच्या मते खरी कसोटी ते पदावर कसे राहतात इथे आहे. निकाल लिहिताना न्यायमूर्तीच्या मनात पदावर येण्याची पद्धत नसते, पुढची मुदत असते. हे कौल बहुतेक वेळा निमूटपणे पार पडतात. पण एखादा निकाल लोकांना झोंबला की मतपत्रिकेच्या तळाशी असलेली तीच ओळ धारदार होते. १९८६ मध्ये कॅलिफोर्नियाच्या पहिल्या महिला सरन्यायाधीश रोझ बर्ड यांना मतदारांनी काढले. देहदंडाच्या एकाही प्रकरणात त्यांनी ती शिक्षा कायम करण्याच्या बाजूने मत दिले नव्हते. त्यांच्यासोबत क्रूझ रेनोसो आणि जोसेफ ग्रोडिन हेही गेले. इलिनॉयमध्ये पद टिकवायला साठ टक्के मते लागतात. तिथे २०२० मध्ये थॉमस किलब्राइड यांना निम्म्याहून जास्त मते मिळूनही पद सोडावे लागले. ओक्लाहोमात २०२४ मध्ये यव्होन कॉगर यांनाही मतदारांनी काढले.

न्यायमूर्ती इतर उमेदवारांशी निवडणूक लढवतात अशा थेट लढतीच्या राज्यांत दडपण वेगळ्या वाटेने येते, ते म्हणजे पैशाच्या. टेक्सास, अलाबामा, नॉर्थ कॅरोलायना इथे उमेदवार पक्षाच्या नावावर लढतात. जॉर्जिया, मिनेसोटा, विस्कॉन्सिन इथे मतपत्रिकेवर पक्ष नसतो. पेनसिल्व्हेनियात पहिली निवडणूक पक्षीय असते आणि पुढच्या मुदतीसाठी फक्त हो-नाहीचा कौल. वेस्ट व्हर्जिनियात काय घडले ते पाहावे. मॅसी कोळसा कंपनीविरुद्ध ५ कोटी डॉलरचा निकाल लागला होता आणि अपील राज्याच्या शिखर न्यायालयात जाणार होते. कंपनीचे प्रमुख डॉन ब्लँकेनशिप यांनी २००४ च्या निवडणुकीत ब्रेंट बेंजामिन यांना निवडून आणण्यासाठी ३० लाख डॉलर खर्च केले. बेंजामिन जिंकले, प्रकरणातून बाजूला व्हायला त्यांनी नकार दिला आणि त्यांच्या मताने निकाल कंपनीच्या बाजूने फिरला. २००९ मध्ये वॉशिंग्टनच्या सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी सांगितले की त्यांनी त्या प्रकरणात बसायलाच नको होते. पाच विरुद्ध चार! इतक्या उघड गोष्टीवरही एकमत होऊ नये, हे चिंता वाटण्याजोगे आहे. एप्रिल २०२५ मध्ये विस्कॉन्सिनच्या एका जागेसाठी सूझन क्रॉफर्ड आणि ब्रॅड शिमेल यांच्यात लढत झाली. तीत दोन्ही बाजूंचा खर्च १० कोटी डॉलरच्या घरात गेला. क्रॉफर्ड जिंकल्या.

बाकीच्या पद्धती थोडक्यात. व्हर्जिनिया आणि साउथ कॅरोलायना इथे विधिमंडळच न्यायमूर्ती निवडते. हवाईत पुढची मुदत द्यायची की नाही हे निवड आयोग ठरवतो. न्यू जर्सीत गव्हर्नर सिनेटच्या संमतीने सात वर्षांसाठी नेमतो आणि पुन्हा नेमले तर सत्तरीपर्यंत पद राहते. ही पुनर्नेमणूक औपचारिकताच मानली जाई. २०१० मध्ये गव्हर्नर ख्रिस क्रिस्टी यांनी न्यायमूर्ती जॉन वॉलेस यांना ती नाकारली, तेव्हा १९४७ च्या संविधानाखाली असे प्रथमच घडले. ऱ्होड आयलंडमध्ये नेमणूक तहहयात असते. मॅसॅच्युसेट्समध्ये ती सत्तरीपर्यंत असते आणि मध्ये कोणीही काही विचारत नाही.

या फरकाचा अर्थ दोन निकाल शेजारी ठेवले की कळतो. २००३ मध्ये मॅसॅच्युसेट्सच्या न्यायालयाने चार विरुद्ध तीन मतांनी समलिंगी विवाहाला मान्यता दिली. निकाल सरन्यायाधीश मार्गारेट मार्शल यांनी लिहिला होता. आयोवाच्या न्यायालयाने २००९ मध्ये तसाच निकाल एकमताने दिला. पुढच्या वर्षी सातांपैकी ज्या तिघांचा कौल होता, त्या सरन्यायाधीश मार्शा टर्नस, मायकेल स्ट्रीट आणि डेव्हिड बेकर यांच्याविरुद्ध राज्याबाहेरूनही पैसा ओतला गेला. न्यायाधीशाने निधी गोळा करत फिरू नये म्हणून तिघांनी प्रचार केला नाही. नोव्हेंबर २०१० मध्ये तिघेही पडले. त्याच वर्षी मार्गारेट मार्शल स्वतःच्या इच्छेने निवृत्त झाल्या.