इंग्रजीतून युनिव्हर्सिटी शिक्षण (इंग्रजी न बोलणाऱ्या देशांत)

ज्या देशात घरी, बाजारात, ऑफिसात दुसरीच भाषा चालते तिथल्या युनिव्हर्सिटीत फिजिक्स, इंजिनिअरिंग, मॅनेजमेंट वगैरे विषय इंग्रजीतून शिकवायचे, अशी ही पद्धत. इंग्रजी शिकवणं हा हेतू नसतो, ते मुलांना आणि सरांना येतंच असं धरून चालतात आणि घोळ तिथूनच सुरू होतो.

तशी ही पद्धत जुनी आहे, तुर्कस्तानात अंकाराची मिडल ईस्ट टेक्निकल युनिव्हर्सिटी १९५६ मध्ये निघाली तीच इंग्रजी माध्यमाची. युरोपात जोर आला तो १९९९ च्या बोलोन्या जाहीरनाम्यानंतर (युनिव्हर्सिटी शिक्षणाबद्दल युरोपीय देशांनी केलेला करार), कारण पदव्यांचा साचा सगळीकडे सारखा व्हायला लागला, मुलं देश बदलून शिकायला लागली. इंग्रजी न बोलणाऱ्या युरोपीय देशांत पूर्ण इंग्रजीतले कोर्स २००१ च्या सर्व्हेत ७२५ सापडले, २०१४ मध्ये ८,०८९! नेदरलँड्स आणि नॉर्डिक देश (स्वीडन, डेन्मार्क वगैरे) यात पुढे. परदेशी विद्यार्थी, बाहेरचे प्राध्यापक, रँकिंग, काही ठिकाणी फी, अशी कारणं असतात, मुलांना विषय जास्त चांगला कळेल असं मात्र सहसा कुणी म्हणत नाही.

वर्गात काय होतं ते बघा. स्लाइड वाचून दाखवणं जमतं, पण मध्येच सुचलेलं उदाहरण, विनोद, तेच परत वेगळ्या शब्दांत सांगणं, हे आटतं. स्वीडनमध्ये फिजिक्सच्या मुलांचा अभ्यास झाला त्यात दिसलं की इंग्रजी लेक्चरला मुलं प्रश्न कमी विचारतात आणि उत्तरंही कमी देतात. डेन्मार्कच्या कोपनहेगन युनिव्हर्सिटीत प्राध्यापकांचं इंग्रजी तपासायची खास टेस्ट आहे, पण माझ्या मते खरी अडचण सरांच्या उच्चारांची नाहीच, गप्प बसलेल्या वर्गाची आहे.

सगळ्यात गाजलं इटलीतलं मिलान प्रकरण. तिथल्या पॉलिटेक्निक युनिव्हर्सिटीनं २०१२ मध्ये ठरवलं की २०१४ पासून मास्टर्स आणि पीएचडी सगळं फक्त इंग्रजीत, तर तिथलेच बरेच प्राध्यापक कोर्टात गेले आणि २०१३ मध्ये निर्णय रद्द झाला, मग अपील, मग थेट घटनात्मक न्यायालय. २०१७ मध्ये निकाल आला की काही विषय इंग्रजीत शिकवा, इटालियनच्या जोडीला इंग्रजी कोर्सही चालवा, पण अख्खे कोर्स सरसकट इंग्रजीत करून इटालियनला बाहेर काढता येणार नाही. फ्रान्सनं उलट शिक्षण फ्रेंचमध्येच हवं असं सांगणारा १९९४ चा कडक भाषा कायदा २०१३ मध्ये युनिव्हर्सिट्यांसाठी थोडा सैल केला.

प्रत्यक्षात बऱ्याच ठिकाणी मधला मार्ग निघतो, पुस्तक आणि स्लाइड इंग्रजीत, शंका आणि चर्चा आपल्या भाषेत, अर्थात वर्गात परदेशी मुलं नसतील तरच.